हयातीचा दाखला

आजोबा वाईहून दिल्लीला आले ते लढाईच्या नोकरभरतीत. साल १९४३ असावं. आत्या १९४२ म्हणते, आणि आपण तेव्हा चार वर्षांच्या होतो हे तिला पक्कं आठवतं, त्यामुळे तिच्याशी कुणी वाद घालत नाही. बरोबर एक वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि पणजीनं दिलेली मेतकुटाची बरणी. दिल्लीची पहिली थंडी त्यांनी गोल मार्केटजवळच्या एका खोलीत आणखी तिघा मराठी कारकुनांबरोबर काढली. चौघांत मिळून एकच रजई होती, असं ते सांगत. आत्याच्या मते रजया दोन होत्या आणि दुसरी एका सोलापूरकरानं कुणाला दिली नाही.

नोकरी लागली मजूर खात्यात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आजोबा कायम ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत, आणि म्हणताना आवाज थोडा खाली यायचा. पृथ्वीराज रोडवर २२ नंबरच्या बंगल्यात डॉक्टरसाहेब राहत. आजोबांची पायरी अगदी खालची, त्यामुळे जवळून बोलण्याचा योग कधी आला असेल असं वाटत नाही. पण खात्यातून जाणाऱ्या कागदांत काय चाललंय याचा वास कारकुनांना लागायचाच. कारखान्यातल्या कामगारानं किती तास राबायचं, बाळंतपणात बाईच्या मजुरीचं काय, हात मशीनमध्ये गेला तर घर कसं चालायचं, असे प्रश्न फायलींतून फिरत होते. कारखाने कायद्यातल्या १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, तेव्हा आजोबांनी खोलीवर शिरा केला होता म्हणे.

त्याच खात्यानं मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना एक काम दिलं: औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायची. (रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले बी. एन. आडारकर ते वेगळे. आमच्या घरी दोघांची सतत गल्लत व्हायची.) ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू उद्योगांतल्या कामगारांचा सक्तीचा विमा उतरवावा आणि त्यात कामगार व मालक दोघांनी भर घालावी, अशी त्याची मांडणी. नुकताच, १९४२ च्या अखेरीस, इंग्लंडमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल गाजला होता. पाळण्यापासून सरणापर्यंत माणसाला राज्याचा आधार असावा, असं ते स्वप्न. बेव्हरिज यांचा जन्म आपल्याकडच्या, बंगालातल्या रंगपूरचा. आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणत, अशी आख्यायिका आहे.

त्या अहवालाची काही पानं आपण टाइप केली, असं आजोबा सांगत. आत्याला तर पानांचे आकडेही माहीत आहेत. खरंखोटं देव जाणे. त्या काळात मजूर खात्यात टाइपरायटरवर बसलेल्या प्रत्येक मराठी कारकुनानं आपापल्या घरी हेच सांगितलं असेल. तरी लहानपणी मला त्या गोष्टीचं अप्रूप वाटायचं: लढाई चालू, देश गुलामीत, बाहेर ब्लॅकआउट, आणि एक माणूस दोन बोटांनी आजारी गिरणी कामगाराच्या मजुरीचा हिशेब टाइप करतोय.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये त्यातून कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला योजना कानपूर आणि दिल्ली या दोन शहरांत एकाच दिवशी सुरू झाली. पंडित नेहरू कानपूरला गेले. आजोबांना दिल्लीच्या वाट्याला पंडितजी आले नाहीत याची चुटपुट शेवटपर्यंत राहिली.

तोवर आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. विनयनगर म्हणत त्या वस्तीला. पुढे तिचं सरोजिनीनगर झालं. दोन खोल्या, ओटा, मागं अंगण, अंगणात आजीनं लावलेली कढीलिंबाची फांदी. दिल्लीत कढीलिंब थंडीनं करपतो. आजी डिसेंबरात त्याला गोणपाट गुंडाळायची. भाजीवाला सरदारजी तिला रोज विचारायचा की या पानांची भाजी करता का. रेशनचा गहू, डीएमएसचं दूध (दिल्ली मिल्क स्कीम १९५९ ची, कार्ड दाखवलं की काचेची बाटली मिळायची), डिस्पेन्सरीतलं लाल औषध, असा सगळा संसार सरकारी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, सीजीएचएस, १ जुलै १९५४ ला दिल्लीतच सुरू झाली. औषधाला बाटली आपली न्यायची. आमच्या घरी जॅमच्या, शाईच्या, गुलाबपाण्याच्या बाटल्या फडताळात नीट ओळीनं असत, आणि कुणाच्या खोकल्याला कुठली हे आजीला ठाऊक असे.

आणि माणसं! वाईचा, भुईंजचा, साताऱ्याचा जो कुणी दिल्लीत आला तो आमच्याकडे उतरला. १९५६ मध्ये एम्स झालं. दिल्लीकर त्याला अजूनही ‘मेडिकल’ म्हणतात. गावाकडून पेशंट यायचा, बरोबर दोन माणसं यायची, आणि ऑपरेशनची तारीख पुढं पुढं जायची. एका हृदयाच्या आजारी मावसकाकांसाठी आजीनं महिनोन् महिने बिनमिठाचं वरण वेगळं शिजवलं. मुलं अंगणात झोपत, पाहुणे खोलीत. राज्यानं एका कारकुनाला घर दिलं, आणि आजीनं त्याची धर्मशाळा केली. कल्याणकारी राज्यावर पुढं मी जे काही वाचलं त्यात या आज्यांची नोंद कुठंच सापडली नाही. सरकारी दवाखान्यात खाट मिळायची, पण त्या खाटेपर्यंत पोहोचवणारा डबा, पांघरूण आणि दिल्लीत बस कुठून पकडायची हे सांगणारं माणूस, ही व्यवस्था घरोघरच्या बायकांनी बिनपगारी चालवली होती.

समाजशास्त्र शिकायला मी डी-स्कूलला, म्हणजे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला, गेले. तिथला समाजशास्त्र विभाग १९५९ मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी उभा केला. ते मुंबईचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचे विद्यार्थी, म्हणून आजोबांच्या पिढीतल्या मंडळींना तो विभाग थोडा आपलाच वाटे. तिथं वाचनालयात मला रिचर्ड टिटमस भेटले. लंडनचे हे प्राध्यापक १९५५ च्या एका व्याख्यानात म्हणाले होते की कल्याण म्हणजे गरिबांना दिलेली मदत एवढंच धरून चालणार नाही. नोकरीमुळे मिळणारं घर, निवृत्तिवेतन, औषधपाणी हेही कल्याणच आहे, आणि करात मिळणारी सूटही. फरक इतकाच की पहिल्या प्रकाराला लोक नावं ठेवतात आणि बाकीचे दोन कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. ते वाचताना डोळ्यांपुढं आमचं फडताळ आलं, बाटल्यांच्या ओळीसकट. आम्ही स्वतःला कधी सरकारच्या मदतीवर जगणारे समजलो नव्हतो. आम्ही नोकरदार होतो, स्वाभिमानी होतो, आणि घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या सरकारी कार्डावर आलेली होती.

आजोबा १९६६ मध्ये नोकरीत असतानाच गेले. कचेरीतून येऊन चहा मागितला, आजीनं आलं किसायला घेतलं, तेवढ्यात.

इथं एका तारखेनं आजीचं उरलेलं आयुष्य ठरवलं. १ जानेवारी १९६४ पासून केंद्र सरकारची कुटुंब निवृत्तिवेतन योजना लागू झाली होती. कर्मचाऱ्यानं आपल्या ग्रॅच्युइटीतला दोन महिन्यांच्या पगाराएवढा भाग सोडायचा, आणि त्याच्यामागं त्याच्या बायकोला पेन्शन. आजीला ती मिळाली. पलीकडच्या ब्लॉकमधल्या मावशींचे यजमान १९६२ मध्ये गेले होते. तेच खातं, तीच पगाराची पायरी, दोघींचं हळदीकुंकू एका ताटातलं. मावशींना ही पेन्शन नाही. त्या पापड लाटायच्या, गोडा मसाला कुटायच्या, पहाडगंजला मराठी घरी जाऊन विकायच्या. नूतन मराठी शाळेच्या फाटकाशी त्यांना पिशवी घेऊन उभं राहिलेलं मी पाहिलंय. आजी त्यांच्याकडून लागायचा त्याच्या दुप्पट मसाला घ्यायची आणि उरलेला गावाकडं पाठवून द्यायची. वाईला दिल्लीहून गोडा मसाला जायचा! कुणी हसलं तर आजी म्हणायची, “असू दे, हिच्या हाताला चव आहे.”

हा तारखेचा निर्दयपणा पुढं सुप्रीम कोर्टात पोहोचला, तो आधी दुसऱ्या वाटेनं. डी. एस. नकारा हे संरक्षण मंत्रालयातून निवृत्त झालेले अधिकारी. निवृत्तिवेतनाचं नवं, जास्त उदार सूत्र ३१ मार्च १९७९ ला किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू होतं. आदल्या दिवशी निवृत्त झालेल्यानं काय पाप केलं, असा त्यांचा सवाल. दिल्लीच्या ‘कॉमन कॉज’ संस्थेचे एच. डी. शौरीही त्यांच्यामागं उभे राहिले. १७ डिसेंबर १९८२ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, त्यामुळे आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळींना निकालाचा दुहेरी आनंद. निकालपत्र लिहिलं न्या. डी. ए. देसाई यांनी. पेन्शन हा मालकाच्या मर्जीवरचा उपकार नाही, उभ्या हयातीत केलेल्या कामातून आलेला तो हक्क आहे, आणि म्हातारपणी माणसाला मानानं जगता यावं हे राज्याचं कर्तव्य आहे, असा त्याचा गाभा. इंग्लंडमध्ये टी. एच. मार्शल यांनी १९४९ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत नागरिकत्वाचा तिसरा पदर सामाजिक हक्कांचा असतो, असं मांडलं होतं. तीच गोष्ट दिल्लीत एका निवृत्त अधिकाऱ्याच्या अर्जावर कायद्याच्या भाषेत उतरली.

मावशींसारख्यांची पाळी १९८५ मध्ये आली. पूनमल नावाच्या विधवेच्या याचिकेवर कोर्टानं १९६४ च्या आधीच्या कर्मचाऱ्यांच्या विधवांनाही कुटुंब निवृत्तिवेतन दिलं, २२ सप्टेंबर १९७७ पासून धरून. मावशी तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. थकबाकी हातात आली तेव्हा त्यांनी सगळ्या ब्लॉकला पुरणपोळीचं जेवण घातलं. पुरण त्यांनी कुणाला वाटू दिलं नाही. पाटा-वरवंट्यावर बसल्या आणि एकट्यानं वाटलं. इतकं मऊ पुरण मी पुन्हा खाल्लं नाही.

आजीची पेन्शन आधी ट्रेझरीतून यायची, नंतर बँकेतून. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागे, म्हणजे आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचं. आजी त्या दिवशी ठेवणीतलं नऊवारी नेसायची, कपाळाला बुक्का, पायात मोजे आणि वर चपला, दिल्लीच्या थंडीसाठी. बँकेतला बाबू तिला खुर्ची द्यायचा. “माताजी, आप तो सौ साल जिओगी,” म्हणायचा. आजी आशीर्वाद द्यायची आणि सही मोडीत करायची. त्या मोडी सहीवरून एकदा दोन कर्मचाऱ्यांत चर्चाही झाली, पण नमुना सही तीच होती, त्यामुळे चाललं. तो दिवस तिच्यासाठी सणासारखा असायचा. नवऱ्याच्या माघारी पोरांपुढं हात पसरावा लागला नाही, हे ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देवापुढं बोलून दाखवायची. तीस रुपये नातवंडांना, पाच रुपये गणपतीला, एक नोट माईला.

माईबद्दल मला सांगायचंच आहे.

माई आमच्याकडे भांडी घासायची. अलवरकडची होती. नवरा बेलदार, विनयनगरच्या कितीतरी भिंतींत त्याच्या घमेल्यातला चुना असेल. जवळच झुग्ग्यांत राहायची. माझ्या लहानपणची निम्मी दुपार तिच्या मांडीवर गेली. आणीबाणीत त्या झुग्ग्या उठवल्या. माईला दक्षिणपुरीत २५ चौरस गजांचा तुकडा मिळाला. तिथं तेव्हा नळ नव्हता, झाड नव्हतं. नसबंदीचा कागद दाखवला तर जागा पक्की होते, असं त्या वस्त्यांतून बोललं जात होतं. मानवशास्त्रज्ञ एमा टार्लो यांनी यमुनेपारच्या वेलकम कॉलनीतल्या सरकारी फायली वाचून २००३ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात हा व्यवहार कागदोपत्री दिसतो: घराच्या बदल्यात शस्त्रक्रिया. माईच्या घरी काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. आजीनंही विचारलं नसावं. माई मात्र दक्षिणपुरीहून दोन बसेस बदलून आमच्याकडे येत राहिली.

आमच्या नात्यातही सरकारी आधाराच्या दोन्ही बाजू दिसल्या. भाऊआजोबा, म्हणजे आजोबांचे चुलत भाऊ, सब्जी मंडीकडच्या एका कापड गिरणीत फिटर होते. पन्नासच्या दशकात त्यांची दोन बोटं गेली. आडारकरांच्या कागदातून निघालेल्या विम्यानं त्यांना उपचार दिले आणि जन्मभराची छोटी रक्कम बांधून दिली. आजोबा ते कार्ड हातात घेऊन बघत बसले होते, असं आत्या सांगते. भाऊआजोबांचा मुलगा त्याच धंद्यात शिरला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतले १६८ धोकादायक कारखाने शहराबाहेर काढायचा हुकूम दिला, आणि त्या लाटेत त्याचं काम गेलं. शहराची हवा सुधारायला हवी होती, त्यात शंका नाही. पण काम गेलं तसं विम्याचं कार्डही गेलं. नंतर तो एका लहान वर्कशॉपमध्ये लागला. तिथं दहापेक्षा कमी माणसं, म्हणून कायदा लागू नाही. बापाची बोटं गेली तेव्हा राज्य शेजारी उभं होतं. मुलाच्या पाठीचा कणा गेला तेव्हा आत्याच्या बांगड्या उभ्या राहिल्या.

१५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारनं निराधार वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली, महिना ७५ रुपये, वय ६५ च्या वर. माईचं वय तेवढं नक्की होतं, कारण माझ्या वडिलांच्या मुंजीत ती तरुण सून म्हणून आली होती. आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिनं आत्याला बजावलं, माईबरोबर जा. आत्या गेली, एकदा, दोनदा, किती वेळा ते तीच जाणे. कचेरीत वयाचा दाखला मागितला. जन्म अलवरजवळच्या कुठल्याशा खेड्यात, नोंद नाही. मुंजीचा फोटो पुरावा होत नाही. मग निराधार असल्याचा दाखला. मुलगा आहे ना? आहे, पण तो पंजाबात आहे आणि पैसे पाठवत नाही. मग तसं कुणीतरी लिहून द्या. आजीला वर्षातून एकदा फक्त जिवंत असल्याचं सांगावं लागे. माईला म्हातारं असल्याचं, गरीब असल्याचं आणि एकटं असल्याचं सिद्ध करायचं होतं, आणि त्या प्रत्येकाला वेगळी खिडकी होती. भिंती तिच्या नवऱ्यानं बांधल्या, भांडी तिनं घासली, आजोबांच्या तेवीस-चोवीस वर्षांच्या कष्टांइतकेच ते कष्ट. पण त्यांची नोंद कुठल्याही सेवापुस्तिकेत झाली नाही.

ती पेन्शन माईला मिळाली नाही. आजीनं मरणापूर्वी आपल्या पेन्शनीतून तिला महिना बांधून दिला, आणि आजीच्या मागं आत्यानं तो चालू ठेवला. आमच्या घराला याचा अभिमान आहे. मलाही होता. आता मला वाटतं की माईला आजीच्या मायेची गरज नव्हती असं नाही, पण आजीला जे खुर्चीवर बसून मिळालं ते माईला आमच्या उंबऱ्यावर उभं राहून घ्यावं लागलं. आजी चांगली होती म्हणून माई जगली. आजी वाईट असती तर? न्या. देसाईंनी जे उपकार आणि हक्क वेगळे करून दाखवले, ते कचेरीच्या फाटकाआतल्या माणसांपुरतेच वेगळे झाले.

ती फाटकंही आता अरुंद होत चालली आहेत. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या मुलकी नोकरीत लागलेल्यांना आजोबांच्या काळासारखी पेन्शन राहिली नाही. माझा भाचा बाजारभावावर हलणारा आकडा मोबाइलवर बघतो. २००८ मध्ये असंघटित कामगारांचा सामाजिक सुरक्षा कायदा झाला, २०२० च्या संहितेत घरोघरी डबे पोचवणाऱ्या पोरांचा उल्लेख आला, २०२१ मध्ये ई-श्रम कार्ड आलं. नोंदणी झाली हे पहिलं पाऊल आहेच, मी त्याला कमी लेखणार नाही. पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, आणि गेली कित्येक वर्षं तो तेवढाच आहे. राज्यं वर भर घालतात. २०० रुपयांत मयूर विहारला, मी राहते तिथं, चांगला गोडा मसालासुद्धा येत नाही.

१७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून आम्ही सोसायटीत जमतो. चहा, सामोसे, नकारांच्या निकालाची आठवण, आणि सीजीएचएसच्या तक्रारी. गेल्या खेपेला मी म्हटलं की यापुढं त्या दिवशी टेबल मांडून आपल्या घरी काम करणाऱ्या बायकांचे अर्ज भरू. ज्यांना आयुष्यभर फॉर्म भरायची सवय, त्यांनी ती सवय थोडी वापरावी. लोक तयार झाले. एका निवृत्त सेक्शन ऑफिसरनी तिथंच कागदांची यादी केली: आधार, पासबुक, आधारला जोडलेला मोबाइल. वयाचा पुरावा नसेल त्या बाईबरोबर कचेरीत कोण जाणार, यावर मात्र बरीच वादावादी झाली. आत्याच्या कानावर हे गेलं. तिनं निरोप पाठवलाय, चाकाची खुर्ची आणा, मी जाते.